पाच मतांवर सिनेटर झालेला माणूस

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन सिनेटर लायमन ट्रंबुल याला 'पक्षबदलू' म्हणून निकालात काढतात, ते मला पटत नाही.

अमेरिकेत १९१३ पर्यंत सिनेटर निवडायचे ते राज्यांचे विधिमंडळ. आपल्याकडे आमदार राज्यसभेवर माणसं पाठवतात, साधारण तसंच. त्यामुळे चार-पाच आमदार अडून बसले की भल्याभल्यांचा घाम निघायचा.

फेब्रुवारी १८५५, इलिनॉय. आदल्या वर्षी कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली होती. डेमोक्रॅट फुटले होते, त्यांचा जुना प्रतिस्पर्धी व्हिग पक्ष शेवटच्या घटका मोजत होता. पहिल्या फेरीत व्हिग लिंकनला ४४ मतं, डेमोक्रॅट शील्ड्सला ४१ (१८४२ मध्ये हे दोघे तलवारी घेऊन द्वंद्वाला निघाले होते, ऐनवेळी मिटलं!) आणि दुसरा डेमोक्रॅट ट्रंबुलला फक्त ५. त्याला मत देणारे हे पाच जण नेब्रास्काविरोधी, म्हणजे त्या कायद्याच्या विरोधातले, पण डेमोक्रॅट. व्हिगला मत द्यायला ते काही केल्या तयार होईनात. मग डेमोक्रॅटांनी शील्ड्सला बाजूला सारून गव्हर्नर मॅटसनला पुढे आणलं आणि तो ४७ वर पोचला. तोवर लिंकनकडे उरली होती १५ मतं. ती त्याने ट्रंबुलकडे वळवली. दहाव्या फेरीत ट्रंबुल ५१ मतांनी निवडून आला.

लोक याला लिंकनचा त्याग म्हणतात. असेलही, पण मला त्यात आधी हिशेब दिसतो. मॅटसन आला असता तर नेब्रास्काविरोधकांच्या हाती काहीच लागलं नसतं. आणि त्या पाचांपैकी नॉर्मन जडनेच पुढे १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी लिंकनचं नाव मांडलं. मेरी लिंकनने मात्र ट्रंबुलच्या बायकोशी असलेली जुनी मैत्री तोडली ती तोडलीच.

ट्रंबुल पुढे रिपब्लिकन झाला. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या मसुद्यात त्याचा मोठा हात होता. १८६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग चालला, तेव्हा स्वपक्षाचा रोष पत्करून त्याने 'दोषी नाही' असं मत दिलं. नंतर लिबरल रिपब्लिकन (रिपब्लिकनांतून फुटलेला गट), पुन्हा डेमोक्रॅट, आणि म्हातारपणी शेतकरी-कामगारांची बाजू घेणाऱ्या पॉप्युलिस्ट पक्षासोबत. मोजायला गेलात तर चार पक्ष होतात. पण प्रत्येक वेळी सत्तेच्या दिशेनेच गेला म्हणाल, तर १८७२ मध्ये अध्यक्ष ग्रँटचा रिपब्लिकन पक्ष जोरात असताना तो बाहेर पडला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याची सिनेटची खुर्चीही गेली.

१८९५ मध्ये, ८१ व्या वर्षी, रेल्वे संपाचा नेता यूजीन डेब्सच्या बाजूने हा म्हातारा सुप्रीम कोर्टात उभा होता. खटला हरला, न्यायमूर्तींपैकी एकानेही बाजू घेतली नाही.