सायकलला तिकीट द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा!

काल परत तेच. रविवारी पहाटे चारला उठले, पोह्यांचा डबा भरला, टायरांत हवा मारली आणि स्टेशन गाठलं. बेत काही हिमालयाचा नव्हता. विरारला गाडी बदलून डहाणू लोकल पकडायची, केळवे रोडला उतरायचं, तिथून 7-8 किलोमीटर पायडल मारलं की समुद्र. मग सुरूच्या बनातून निघून माहीम (मुंबईतलं नव्हे, पालघरजवळचं), शिरगाव, सातपाटी असं किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकायचं आणि पालघरहून परतीची गाडी. सपाट रस्ता, बाजूला पानवाड्या आणि नारळ. आणखी काय हवं हो माणसाला?

लोकलमधून सायकल न्यायची तर लगेजची पावती हवी! ती काही मिळत नाही.

खिडकीवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "सायकल? पार्सलला जा." पार्सल ऑफिस दुसऱ्या टोकाला. लिफ्ट बंद, म्हणून सायकल खांद्यावर घेऊन पूल चढले, उतरले. शटर खाली. बाहेर बसलेला हमाल म्हणाला, "ताई, आज रविवार." परत पूल, परत खिडकी. तेवढ्यात साहेब बदललेले. नवे म्हणाले, "लोकलमध्ये सायकल चालतच नाही." अहो, मागच्याच महिन्यात याच खिडकीवर मला पावती फाडून दिली होती! मोबाइलमधला फोटो दाखवला. "ज्यांनी दिली त्यांना विचारा."

कुठे शोधू त्यांना? आणि तोवर माझी गाडी गेली. विरारच्या पुढे काही पाच-पाच मिनिटांनी गाड्या नाहीत. एक चुकली की अख्खी सकाळ गेली. त्यात दहा-साडेदहानंतर जम्बो ब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कमी!

गर्दीच्या वेळी सायकल नको, शंभर टक्के मान्य. सोमवार ते शनिवार त्याच लोकलला लटकून मीच ऑफिसला जाते, मला नका शिकवू. पण रविवारी, पहाटे, शहरातून बाहेर जाणाऱ्या गाडीत? लगेजच्या डब्यात माशांच्या टोपल्या जातात, भाजीच्या गोण्या जातात, एकदा तर मी आख्खं लोखंडी कपाट जाताना पाहिलंय. जावंच, त्यासाठीच तो डबा आहे. तिथल्या कोळणीने मागच्या वेळी स्वतःची टोपली सरकवली आणि म्हणाली, "ये गो बाय, इथं लाव." डब्यातल्यांना माझ्या सायकलचा त्रास नाही, त्रास फक्त खिडकीला!

आणि हे काही जगावेगळं मागणं नाही. याच मुंबईत मेट्रो 2अ आणि 7 मध्ये सायकल नेता येते. वर्सोव्याहून मढला किंवा मार्व्याहून मनोरीला जा, बोटीवरचा दादा एका हाताने सायकल उचलून आत ठेवतो, तिचे पैसे घेतो, विषय संपला. ना पार्सल, ना रविवार. (अलिबागकडे जा, असं सुचवणाऱ्यांना नमस्कार. तिकडे नेणारा समुद्रावरचा पूल, अटल सेतू, 2024 मध्ये सुरू झाला, 21.8 किलोमीटरचा, आणि त्यावर मोटारसायकललाही बंदी आहे. सायकलचं तर नावच काढू नका.)

"मग गाडीने जा ना," हा घरचा सल्ला. म्हणजे हायवेवर घोडबंदरच्या कोंडीत दोन तास हॉर्न ऐकायचे आणि केळव्यात पोचून पार्किंगसाठी भांडायचं. रेल्वेचा रूळ किनाऱ्याला समांतर जातो, स्टेशनं समुद्रापासून हाकेच्या नाही तरी सायकलच्या अंतरावर आहेत, आणि मी डिझेल जाळत जाऊ?

शेवटी फलाटावरच्या बाकावर बसून पोहे खाल्ले. गार झाले होते. सायकल ढकलत बाहेर निघाले तर दारात टीसी. "तिकीट?" या सगळ्या पळापळीत स्वतःचं तिकीट काढायचंच राहिलं होतं. 250 रुपये दंड.

त्याची पावती मात्र अर्ध्या मिनिटात मिळाली.