व्याह्यांसमोर शॅम्पेन

लग्नाच्या याद्या आम्ही एका बैठकीत उरकल्या होत्या. मानपान, आहेर, बँड, सगळं. त्याच व्याह्यांसमोर बसून रँसच्या रेस्टॉरंटात शॅम्पेनची यादी वाचायची वेळ आली तेव्हा मात्र घाम फुटला. लेक-जावई पॅरिसला असतात. तिथून रेल्वेने पाऊण तासावर हे गाव. एकेकाळी फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक इथल्या कॅथीड्रलमध्ये होत. आता नाव चालतं ते शॅम्पेनवर. 'इथवर आलोच आहोत तर' या मराठी माणसाला हमखास खड्ड्यात घालणाऱ्या विचाराने आम्ही सहा जण आत शिरलो.

यादी तलाठ्याच्या दप्तराएवढी जाड. चित्र एक नाही. व्याह्यांनी ती उघडलीही नाही. "छे छे, तुम्ही नाशिकचे! द्राक्षांतलं तुम्हालाच कळणार." माझी हयात कॉलेज रोडला गेली. द्राक्षांशी संबंध पेटी घेण्यापुरता. पण मुलीच्या बापाने माघार कशी घ्यायची?

खरी अडचण वेगळीच होती. बिल कोण देणार, हे ठरलं नव्हतं. स्वस्त मागवावी तर कंजूष ठरणार. महाग मागवावी आणि बिल व्याह्यांनी ओढून घेतलं, तर 'दुसऱ्याच्या जिवावर' हे पुढची वीस वर्षं ऐकावं लागणार. मी चेहऱ्यावर विचारमग्न भाव ठेवून उजवीकडचे आकडे तेवढे वाचत होतो.

डावीकडच्या गोष्टी लेकीने आदल्या रात्री घोकून घेतल्या होत्या. 'ब्रुत' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' त्याहून कोरडी असेल असं कुणालाही वाटेल, पण ती १२ ते १७ ग्रॅमची, म्हणजे जास्त गोड! 'देमी-सेक' तर ३२ ते ५० ग्रॅम. हे नामकरण करणारा माणूस नक्की सरकारी खात्यातला असणार.

"यावर साल का नाही?" व्याह्यांना शंका आली. "एक्स्पायरी गेलेली तर नाही ना?" साल नसलेली बाटली म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या वाइनचं मिश्रण, आणि तीही किमान १५ महिने तळघरात मुरलेली, हे मी अशा थाटात सांगितलं की जावईसुद्धा माझ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात सोमलिए, म्हणजे वाइन सुचवणारा आणि वाढणारा माणूस, आला. काळा एप्रन, मंद हसू. ब्लाँ द ब्लाँ हवी की ब्लाँ द न्वार, असं विचारलं. पहिली पांढऱ्या द्राक्षांची, दुसरी काळ्या द्राक्षांची. रंग सालीत असतो, रस पांढराच निघतो. इथे मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. यादीतल्या एका मधल्याच आकड्यावर बोट ठेवलं आणि लेकीला म्हटलं, "त्याला सांग, असं काहीतरी." सोमलिए बोटाकडे बघून उमजला. आकडा कुणीच उच्चारला नाही. जगात कुठेही हॉटेलवाल्याला एवढी खूण पुरते. त्याने एका लहान बागायतदाराची बाटली सुचवली. स्वतःच्याच द्राक्षांची, स्वतःच बनवलेली. लेबलवर बारीक अक्षरांत 'आरएम' असतं म्हणे. मी चष्मा पुसून ते शोधलं आणि 'हं' केलं.

व्याही मोबाइल सरसावून फेसाची वाट बघत होते. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. पण सोमलिएने रुमालाखाली बूच घट्ट धरलं, बाटली हळूच फिरवली आणि नुसतं 'फुस्स' झालं. "उडालं नाही?" व्याह्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मते फटाका फुसका निघाला होता.

मग घोटभर माझ्या ग्लासात. ती आवडली की नाही ते सांगण्यासाठी नसते. बूच खराब निघालं तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो तपासायचा असतो. मी नाक घातलं. पुठ्ठा नव्हता, हिरवं सफरचंद आणि ताज्या पावाचा वास होता. मान डोलावली, पण एकदाच. दोनदा डोलावली की नवखेपण कळतं.

"मी घेत नाही, नुसती चव बघते," म्हणणाऱ्या विहीणबाईंचा ग्लास सगळ्यांत आधी रिकामा झाला. मग त्यांनी हिचाही उचलला. बाटली संपली, सोमलिए पुन्हा दप्तर घेऊन हजर. दुसरी बाटली मुलाकडच्यांनी निवडायची असते, ही रीत मी तिथल्या तिथे काढली आणि यादी व्याह्यांपुढे सरकवली.