सगळे एकमेकांना पाण्यात पाहतात

घरात मासे पाळायचं ठरलं की पहिला प्रश्न कोणते मासे आणायचे, हा नसतोच. पहिला प्रश्न, "हे सगळं बघणार कोण?" आमच्याकडे लेकाने छाती पुढे काढून "मी" म्हटलं. या लेकाने आजवर शाळेचा डबा स्वतःहून सिंकमध्ये ठेवलेला नाही.

त्याला हवा होता गोल बाऊल आणि त्यात एकुलता एक गोल्डफिश. दिसायला झकास. पण बाऊलचं तोंड निमुळतं, त्यामुळे हवेला लागणारं पाणी वाटीभर. फिल्टर बसवायला जागा नाही. गोल्डफिश तर वीतभर सहज वाढणारा आणि घाणही सढळ हाताने करणारा. त्यातून तो थंड पाण्यातला. आमचा बेत होता उष्ण कटिबंधातल्या माशांचा: गप्पी, मॉली, निऑन टेट्रा. यांना 24 ते 27 अंश तापमान मानवतं. डोंबिवलीत मे महिन्यात हा आकडा आम्हाला फक्त एसीच्या रिमोटवर दिसतो.

"मग बाऊलमध्ये फायटर मासा ठेवू. तो तर कपात मिळतो," लेक म्हणाला. मी समजावलं, फायटर वर येऊन तोंडाने हवा घेऊ शकतो म्हणून कपात तग धरतो, तग धरला म्हणजे सुखात आहे असं नव्हे. यावर बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, त्यात आमचा वन रूम किचनमधला अख्खा संसार होता.

आईची बाजू वास्तूची. टाकी ईशान्येलाच हवी, आत आठ मासे सोनेरी आणि एक काळा. काळा गेला की घरावरची पीडा गेली. (त्या काळ्याला कुणी विचारलंय की नाही, देव जाणे.) आमच्या ईशान्येला बाथरूम आहे. "मग दार उघडं ठेवा," आई म्हणाली.

बाबांचा प्रश्न मापाचा. मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय त्यांनी लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे दोन फुटांची टाकी त्यांना साबुदाण्याच्या बरणीसारखी वाटते. "घ्यायची तर तीन फुटी घे. दीड रुंद, दीड उंच." मी हिशेब मांडला. फुटातली लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि येईल त्याला 28 ने गुणलं की लिटर. बाबांची टाकी भरली जवळपास 190 लिटर. लिटरला किलो, म्हणजे नुसतं पाणीच 190 किलो! वर काच, वाळू, दगड आणि बुडबुडे सोडत उघडमीट करणारा तो प्लॅस्टिकचा शिंपला. हे सगळं जाणार होतं प्लायवूडच्या टीव्ही युनिटवर, ज्याच्यावर आम्ही गणपतीसुद्धा कागदाच्या लगद्याचा बसवतो.

बायकोला टाकी हवी होती उंच आणि अरुंद, टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसेल अशी. मासे मात्र आडवे पोहतात. शिवाय अशा टाकीतली वाळू साफ करायची तर हात खांद्यापर्यंत बुडवावा लागतो. "तुलाच करायचंय ते," ती म्हणाली. मुद्दा बिनतोड होता.

शेवटी क्रॉफर्ड मार्केट. सासरेबुवाही आले. ते मालवणचे, एंजल फिशसमोर बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सरंगो बरो आसा, पण लहान."

मी टाकीच्या कोपऱ्यात डोकं घालून सिलिकॉनच्या जोडावरून नख फिरवत होतो. एका जोडात मोहरीएवढा बुडबुडा सापडला. दुसरी टाकी दाखवा म्हटलं. तिच्या काचेचा काठ बोटाला लागत होता. तिसरी उन्हात नेऊन बघू लागलो तेव्हा दुकानदाराने चहाचा कप खाली ठेवला. "काका, टाकी घेताय की फ्लॅट?"

तरीही त्याने बोटभर लांबीचा सकर मासा पुढे केलाच. "हा टाका, टाकी स्वतः साफ ठेवतो." शेवाळ खातो हे खरं. पण तो वाढतो फूटभर, कधी त्याहूनही मोठा, आणि खाल्लेलं बाहेरही काढतो. पुढेमागे टाकीत सकर राहील आणि साफसफाईला आम्ही.

तह झाला तो असा: दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच, काठोकाठ 70 लिटर. लोखंडी स्टँडवर, खाली थर्माकोल. शेवाळ माजू नये म्हणून खिडकीपासून लांब, पॅसेजमध्ये. दिशा नैर्ऋत्य. आई दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

आणि मासे? ते अजून दुकानातच आहेत. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो त्यांनाच मारतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर रोज रात्री लेक रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाद्य टाकतो, जिवाणूंसाठी. फिल्टर घरघरतो, दिवा लागतो.

परवा शेजारच्या काकू टाकीला नाक लावून शोधत होत्या. "लपलेत का हो?"

"मासे नाहीत," आई म्हणाली. "सध्या आमच्याकडे जंतू पाळलेत. गुणी आहेत हो, कसला म्हणून त्रास नाही."