"वाचलेलं १० टक्केच लक्षात राहतं" हे मोजलं कुणी?

माझी धाकटी बहीण एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. दरवर्षी नव्या मुलांची तासिका घेताना ती प्रत्येकाच्या हातात एक छापील पान देते. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर कसा वाचायचा, ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या यादीत, पुस्तक कसं शोधायचं, कुठल्या कपाटापासून सुरुवात करायची, एवढंच त्यात असतं. यंदा तिने ते पान बंद केलं. कॉलेजच्या वेबसाइटवरून तोच मजकूर काढून तिथे सहा मिनिटांचा व्हिडिओ लावला. कारण विचारलं तर म्हणाली, "ताई, वाचलेलं दहाच टक्के राहतं गं. कशाला कागद घालवायचा?"

हे तिला शिकवलं शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका रंगीत त्रिकोणाने. तो मलाही महिन्याभरात चारदा आलाय. त्यात म्हटलंय की माणसाला वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं आणि ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७० आणि केलेलं ९० टक्के आठवतं. खाली आणखी चार "सिद्ध झालेली सत्यं" आहेत: प्रत्येक मूल दृश्य, श्राव्य किंवा कृतिशील प्रकारचं असतं, वेबसाइटच्या मेन्यूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत, माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी, आणि आजची मुलं डिजिटल जन्मलेली असल्याने त्यांना माहिती शोधायला शिकवावं लागत नाही.

आधी त्रिकोण, कारण सगळं नुकसान त्याने केलंय.

आकड्यांखाली बहुतेकदा एडगर डेल यांचं नाव असतं. डेल अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४६ साली दृकश्राव्य साधनांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी "अनुभवाचा शंकू" काढला. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला नुसते शब्द. त्या शंकूत टक्केवारीचा एकही आकडा नाही, आणि शंकू शब्दशः घेऊ नका असं त्यांनी स्वतः बजावलं होतं. आकडे आले दुसरीकडून. १९६७ साली मोबिल ऑइल कंपनीतल्या ट्रायक्लर नावाच्या गृहस्थांनी दृकश्राव्य क्षेत्रातल्या एका मासिकात ते छापले, सोबत पुरावा काहीच दिला नाही. पुढे कुणीतरी हे आकडे डेल यांच्या शंकूवर चिकटवले. असाच दुसरा त्रिकोण अमेरिकेतल्या एनटीएल या प्रशिक्षण संस्थेच्या नावावर फिरतो. त्या संस्थेकडे विचारणा झाली तेव्हा मूळ संशोधन आपल्याकडे उपलब्ध नाही असं उत्तर मिळालं.

हा इतिहास माहीत नसला तरी आकड्यांकडे बघून शंका यायला हवी होती. १०, २०, ३०, ५०, ७०, ९०. माणसांवर केलेल्या कुठल्या प्रयोगातून असे शून्यावर संपणारे आकडे ओळीने येतात? काय वाचायला दिलं होतं, कविता की औषधाची चिठ्ठी? किती दिवसांनी विचारलं? आणि वाचणं म्हणजे डोळ्यांनी पाहणंच ना, मग वाचलेलं १० आणि पाहिलेलं ३० कसं?

आता खरा प्रयोग कसा असतो ते सांगते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १२० विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्यावरचा आणि एक समुद्री पाणमांजरांवरचा. सात मिनिटं वाचन. त्यानंतर एक उतारा पुन्हा सात मिनिटं वाचायचा, दुसरा न बघता आठवेल तेवढा कागदावर लिहायचा. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचलेलं पुढे होतं, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तर उलट झालं. दोनदा वाचलेलं ४२ टक्के आठवत होतं, एकदा वाचून एकदा लिहिलेलं ५६ टक्के.

नुसतं वाचून, तेही आठवड्यानंतर, ४२ टक्के! आणि जे ५६ वर गेलं तेही आधी वाचलेलंच होतं. व्हिडिओ नाही, खेळ नाही, गटचर्चा नाही.

त्रिकोणात एक कण खरा आहे, तो मान्य करते. विद्यार्थ्याने स्वतः काही केलं तर पक्कं होतं. पण ते "करणं" म्हणजे आठवणं, लिहून बघणं, शोधून बघणं, आणि त्यासाठी आधी नीट लिहिलेलं काहीतरी हातात लागतं. खुर्चीत बसून सहा मिनिटं व्हिडिओ पाहण्यात मुलगा काय करतो?

गेल्या वर्षी बहिणीकडे गेले होते तेव्हाचं एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एक मुलगा चिठ्ठीवर ८९१.४६३ लिहून कपाटापाशी उभा होता. समोर ८९१.४६१, सगळे कवितासंग्रह. दोनदा पुस्तकं वरखाली केली, मग खिशातून ते पान काढलं, बोट ओळीवरून फिरवलं. ८९१.४६ मराठी साहित्य, पुढे १ म्हणजे कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. दोन कपाटं पुढे गेला आणि कादंबरी घेऊन देवघेवीच्या टेबलाशी आला. कुणाला काही विचारावं लागलं नाही. व्हिडिओतला तो नेमका क्षण कपाटासमोर उभं राहून कसा शोधणार?

बाकीचं पटापट. मुलांचे दृश्य-श्राव्य प्रकार: २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन चाळलं. प्रकाराप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं हे दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. सात पर्याय: हा आकडा ज्यावरून घेतात तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा लेख तात्पुरतं मनात किती धरता येतं यावर होता. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. गोल्डफिश: आठ सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या २०१५ च्या अहवालातून पसरला. २०१७ मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला, तर पाठीशी संशोधन सापडलं नाही. वेबवर लोक ओळ न् ओळ वाचत नाहीत हे मात्र खरं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या १९९७ च्या चाचणीत ७९ टक्के लोक नुसती नजर फिरवत होते. त्यासाठी मजकूर छोटा करा, ठळक उपशीर्षकं द्या. मजकूर पुसून टाकायचं कारण नाही.

शेवटचं "सत्य" मात्र मला सर्वात घातक वाटतं, कारण ते वाचून उद्या एखादे प्राचार्य ग्रंथालयाची तासिकाच रद्द करतील. "डिजिटल नेटिव्ह", म्हणजे डिजिटल जगातच जन्मलेलं मूल, हा शब्द मार्क प्रेन्स्की या लेखकाने २००१ साली रूढ केला, तो एका मतप्रदर्शक लेखातून. मुलांना खरंच तपासलं ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने. २०१६ च्या त्यांच्या अहवालासाठी अमेरिकेतल्या १२ राज्यांतून विद्यार्थ्यांची ७,८०४ उत्तरं गोळा केली होती. "प्रायोजित मजकूर" असं वर स्पष्ट लिहिलेली जाहिरात सहावी ते आठवीच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना खरी बातमी वाटली. बोटं सराईतपणे फिरतात, म्हणून काय खरं काय खोटं ते कळतंच असं नाही. ते शिकवणारा माणूस कॉलेजात ग्रंथपालच असतो.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. व्हिडिओ राहू दे म्हटलं, फक्त त्याखाली मजकूर परत लाव. शुक्रवारी तिची पुढची तासिका आहे. पानं छापून आलीत. या वेळी मागच्या बाजूला चार प्रश्न आहेत आणि पान उलटं ठेवून, न बघता उत्तरं लिहायला रिकाम्या ओळी.