माझ्या पायाला दोष देण्याआधी चाकाला हात लावून पाहा

गाडीचे ॲव्हरेज सतरावरून तेराच्याही खाली आले म्हणून परवा रत्नागिरीतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, तर तिथल्या सल्लागाराने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "काका, तुमचा पाय जड आहे." टाकी फुल्ल करून ४०२ किलोमीटर चालवले, पुन्हा फुल्ल करताना ३१.४ लिटर बसले, म्हणजे लिटरला १२.८, हा हिशेब मी वहीत लिहून नेला होता. त्या वहीकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. गाडी धुऊन, ऑइल बदलून परत दिली आणि पुढच्या वेळी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, साफ करून घ्या म्हणाला.

घरी येऊन अंगणात गाडी लावली, तर मागच्या डाव्या चाकाशी जळका वास आला. रिमला बोट लावताच चटका बसला. बाकीची तिन्ही चाके जेमतेम कोमट होती. आमच्या मेस्त्रींनी जॅक लावून चाक हाताने फिरवले, ते अर्धा फेराही न घेता थांबले. ब्रेकचा ड्रम काढल्यावर तांबूस भुकटी खाली सांडली. इथली खारी हवा, त्यात पावसात आठवडाभर हॅण्डब्रेक ओढून उभी राहिलेली गाडी; हॅण्डब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि हॅण्डब्रेक सोडला तरी लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतले अस्तर, ड्रमला घासतच होते. महिनाभर माझे पेट्रोल त्या घासण्यात जळत होते. समुद्रकाठी धंदा करणाऱ्यांना ही शंका सर्वांत आधी यायला हवी होती.

आणि ही मंडळी मला चालवायला शिकवणार! पंपावरचा मुलगा मीटर न पाहता हवा भरतो, तेहतीसच्या जागी सव्वीस, आणि मऊ टायर ओढण्यात इंजिनाचा जीव जातो, हे कोणी सांगत नाही. शेजारचे अण्णा घाट उतरताना पेट्रोल वाचते म्हणून गाडी न्यूट्रलला टाकतात, आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो. अहो, इंजेक्शनच्या गाडीत गियर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल जळत राहते आणि उताराचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

जाहिरातीतला आकडा तर रोलरवर, एसी बंद ठेवून मोजलेला. तो हातखंब्याच्या चढावर कुठून मिळणार? त्यात आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच सुमारे एक तृतीयांश कमी, आणि जुन्या धर्तीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा ते सात टक्के घटेल असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेले आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालले आहे. प्रत्येक वळणरस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडत जायचे, त्या पेट्रोलचा हिशेब कोणाकडे मागायचा?

मेस्त्रींनी नवी केबल टाकली, लायनर घासून बसवले, आणि कालच्या टाकीला १६.३ पडले. पाय तोच आहे. पावसाळ्यात मी आता गाडी गियरमध्ये लावून चाकाखाली दगड ठेवतो. सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर मात्र 'चारही चाकांचे ब्रेक साफ करून तपासले' अशी ओळ छापलेली आहे आणि तिचे पैसे मी भरलेले आहेत. सोमवारी जुनी केबल आणि ती पावती घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहणार आहे.