बिनपायाच्या गोठ्याचा तो मेसेज

‘पाया नको, काँक्रीट नको, गवंडी नको! अमेरिकन शेतकऱ्यांचं गुपित : खांब गाडा, पत्रा टाका, आठवड्यात गोठा तयार.’ असा एक लांबलचक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडेही येऊन गेला होता आणि मी तो न वाचताच उडवला होता. मग मेहुण्याचा फोन आला. ‘दाजी, बल्ल्या आणल्यात, खड्डे घेतलेत. रविवारी पत्रे चढवायला तुमची पोरं पाठवा.’ खड्डे किती खोल, विचारलं. ‘दोन फूट. मेसेजमध्ये तेवढंच सांगितलंय.’ त्या शेडखाली त्याच्या दुभत्या म्हशी बांधल्या जाणार आहेत, आणि दुपारी सावली म्हणून पोरंही तिथेच खेळणार. तेव्हा मेसेज पुन्हा मागवून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ‘पाया घेतला नाही तर तुमचं बिल कमी होतं, म्हणून बोलताय’ हे मेहुण्याचं म्हणून झालंय, तुम्हीही म्हणा. खड्ड्यातल्या काँक्रीटचा एक रुपयाही माझ्या खिशात येत नाही, ते काम गवंड्याचं.

आधी अमेरिकेचं. तिकडे खांब जमिनीत रोवून शेडं बांधतात हे खरं आहे. त्याला ‘पोल बार्न’ म्हणतात, 1930च्या दशकात ही पद्धत तिकडे पसरली आणि सुरुवातीला टेलिफोनच्या तारांसाठी वापरतात तसले गोल खांब त्यात असायचे. सलग दगडी पाया आणि भिंती वाचतात, काम झटपट होतं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण मेसेज लिहिणाऱ्याने फोटो बघितला आणि जमिनीच्या वर जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. जमिनीखाली काय असतं? खड्डा साधारण चार फूट, थंड मुलखात त्याहून खोल. तळाशी काँक्रीटची बैठक. खांब वर ओढला जाऊ नये म्हणून बुडाभोवती काँक्रीटचा गळपट्टा. आणि खांबाचं लाकूड बंद टाकीत दाबाखाली औषध आतपर्यंत मुरवून काढलेलं. ‘काँक्रीट नको’ हे मेसेजवाल्याने स्वतःच्या मनाने जोडलंय. अमेरिकेचं नाव फुकट बदनाम.

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते : ‘तिकडे छपरावर बर्फाचे थर साचूनही ही शेडं हलत नाहीत, मग आपल्याकडे तर बर्फच नाही! पत्र्याच्या वजनाने खांब आणखी घट्ट बसतात.’

अहो, बर्फ खाली दाबतो. आपल्याकडे शेड मोडतं ते वाऱ्याने, आणि वारा पत्रा वर ओढतो. वाऱ्याचा झोत पाख्यावरून सरकतो तेव्हा पत्र्याच्या वरच्या अंगाला ओढ तयार होते. त्यात शेड तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडं असेल, आणि वारा त्या उघड्या बाजूने आत शिरला, तर तो आतूनही पत्र्याला वर ढकलतो. उलटी होणारी छत्री सगळ्यांनी धरलेली आहे, तोच प्रकार. आणि मेसेजमधला ‘नकाशा’ नेमका असाच आहे : तीन बाजू पत्र्याने बंद, तोंड पश्चिमेला. पावसाळी वारा आपल्याकडे कुठून येतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल.

किती ओढ? भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 875 म्हणून एक मानक आहे, त्याचा तिसरा भाग फक्त वाऱ्यासाठी आहे, 2015 साली सुधारलेला. त्यात शहरांनुसार वाऱ्याचा मूळ वेग दिलाय. पुणे, नाशिक 39 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. मुंबई आणि नागपूर 44. शेतातल्या इमारतींना त्यात सवलतही आहे, त्यांचं आयुष्य 25 वर्षं धरून वेग थोडा कमी घेतात. म्हणजे कोणी म्हणायला नको की कारखान्याचा नियम गोठ्याला लावला. ती सवलत धरून 39चे साधारण 36 होतात आणि वाऱ्याचा दाब निघतो चौरस मीटरला सुमारे 80 किलो. ओढीचा गुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट ओढ पत्र्याला लागते तो आकडा, ढोबळ 1 धरू, एक बाजू उघडी असलेल्या शेडला तो याहून वरही जातो.

मेहुण्याचं शेड 20 बाय 40 फूट. दोन ओळींत पाच-पाच खांब, दहा-दहा फुटांवर. मधल्या एका खांबाच्या वाट्याला 100 चौरस फूट छप्पर येतं, म्हणजे 9.3 चौरस मीटर. गुणा. साडेसातशे किलोच्या आसपास ओढ, वरच्या दिशेने. त्यातून पत्रा, पाईप, कैची (पत्र्याखालचा त्रिकोणी सांगाडा) यांचं वजन वजा करा. मेसेजवाल्याला ज्या पत्र्याच्या वजनाचा एवढा भरवसा आहे, तो अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला भरतो साडेचार-पाच किलो. सगळा सांगाडा धरून एका खांबावर शंभर-सव्वाशे किलो आले तरी डोक्यावरून पाणी. राहिले सहाशेच्या वर. हे सहाशे किलो जमिनीत कोण धरून ठेवणार? दोन फूट खोल, एक फूट रुंद खड्ड्यातली सैल माती?

काँक्रीटचं काम इथे वजनाचं आहे. एक घनफूट काँक्रीट 68 किलोच्या आसपास भरतं. दोन बाय दोन आणि तीन फूट खोल खड्डा भरला की 12 घनफूट, आठशे किलोच्या वर. हिशेब मिटला. दहाही खड्डे असे भरायला एकास दोनास चारच्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाने वीस-बावीस पोती सिमेंट लागतं. कोपऱ्याच्या खांबांच्या वाट्याला छप्पर निम्मंच येतं, म्हणून एकूण ओढ कमी, तिथे खड्डा थोडा लहान घेऊन दोन-तीन पोती वाचवता येतील. पोत्याचा भाव तुमच्या गावचा धरा आणि पत्र्याच्या बिलाशेजारी ठेवून बघा.

‘वारा जास्त असेल त्या भागात पत्र्यावर दगड किंवा वाळूच्या गोण्या ठेवाव्यात’ असंही पुढे आहे. सहाशे किलोच्या ओढीला तीस किलोची गोणी! पत्रा उचलला गेला की ती गोणी आणि ते दगड खाली बांधलेल्या जनावरावर किंवा माणसावर येतात. गावात निम्म्या घरांवर हे दिसतं, म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही. 3 जून 2020ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा पत्रे कागदासारखे गेले हे साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलंय.

यातच मातीचा मुद्दा. ‘उकरलेलीच माती परत भरून पाणी मारा, सिमेंटसारखी घट्ट होते.’ मुरमाड रानात थर देत, पहारीने ठोकत भरली तर थोडंफार खरं. काळ्या रानात? काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिलमध्ये कुठल्याही काळ्या रानात जाऊन पुरलेल्या खांबाच्या बुडाशी बघा, खांब आणि माती यांच्यामध्ये बोट सहज जाईल एवढी फट असते, खांब हाताने हलतो. आणि वळवाचा वारा येतो कधी? त्याच एप्रिल-मेमध्ये. म्हणजे वर्षात ज्या महिन्यांत माती सगळ्यात ढिली, त्याच महिन्यांत ओढ सगळ्यात जास्त. काळ्या रानात मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय शेडाचा खांब उभा करू नये. मुरूम फारच खोल असेल तर जागा बदला, नाहीतर इंजिनिअरला दाखवा.

दुसरा घातक मुद्दा जळक्या ऑइलचा. ‘निलगिरीच्या बल्लीला खालून तीन फूट गाडीचं जळकं ऑइल पाजा, तीस वर्षं वाळवी शिवणार नाही.’ ऑइल लावल्यावर वाळवी काही दिवस लांब राहते, हे कबूल. पण ऑइल वरच्या सालीपुरतं मुरतं, बल्ली वाळताना तडकली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. शिवाय बल्ली कुजते ती खड्ड्याच्या तळाशी नव्हे, जमिनीच्या वर-खाली वीतभर पट्ट्यात, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. गोठ्यात तिथेच मूत आणि शेण साचतं. वरून बल्ली ठणठणीत दिसते, त्या वीतभर जागेत पेचकस घातला की मुठीपर्यंत जातो.

आणि म्हशी काय करतात? खांबाला अंग घासतात, खांब चाटतात. वापरलेलं इंजिन ऑइल आपल्याकडे कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. जनावरांना शिशाची विषबाधा कशाने होते हे पशुवैद्यकाच्या पुस्तकात बघा, जुन्या बॅटऱ्यांच्या जोडीला वापरलेलं इंजिन ऑइल हमखास सापडतं. ज्या दुधाचे पैसे घरात येतात त्या जनावराच्या तोंडाशी हे फासायचं? त्यापेक्षा बी क्लासचा (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप घ्या. लाकूडच हवं असेल तर दाबाने औषध मुरवलेलं घ्या आणि ते कुठलं औषध आहे ते विचारून घ्या.

‘आपल्या आजोबांचे गोठे मेढींवरच उभे होते ना?’ हा मेसेजमधला सगळ्यात गोड मुद्दा, मेहुण्यालाही हाच पटला. होते. त्या मेढी सागाच्या किंवा जुन्या बाभळीच्या गाभ्याच्या असायच्या, चार-पाच वर्षांच्या निलगिरीच्या नव्हेत. वर कौलं असली तर ती पत्र्यापेक्षा कितीतरी जड, आणि फटींतून वारा निघून जाणारी. गवताचं छप्पर असलं तर ते दरसाल नव्याने शाकारायचं, त्या निमित्ताने कुजकी मेढही बदलायची. बिनदेखभालीचे ते गोठे नव्हतेच.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो.

‘पाईपचे खांब असतील तर खड्ड्याचं तोंड फरशीच्या पातळीला आणा.’ नका आणू. मूत पाईपच्या बुडाशी थांबतं आणि पाईप तिथेच गंजतो. काँक्रीट फरशीच्या वर सहा इंच काढा आणि माथ्याला चारी बाजूंनी उतार द्या.

‘स्क्रू कमी मारा, पत्र्याला भोकं कमी पडतात.’ गळतीची भीती खरी, उपाय चुकीचा. चांगल्या रबरी वायसरचा स्क्रू गळत नाही. वाऱ्याची ओढ वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त असते, तिथे स्क्रू उलट जवळजवळ हवेत. बहुतेक वेळा आधी कोपऱ्याचा एक पत्रा सुटतो.

‘थंडी लागू नये म्हणून बाजू वरपर्यंत बंद करा.’ आपल्या हवेत म्हशीला थंडीपेक्षा उकाडा आणि शेणामुताचा वास मारतो. पत्रा उंच घ्या, बाजू मोकळ्या ठेवा, थंडीपावसात पडदे सोडा. मोठ्या म्हशीला छपराखाली चार चौरस मीटर जागा धरतात आणि मुक्त गोठ्यात त्याच्या दुप्पट उघडं अंगण. बाजू मोकळ्या ठेवल्याने वर सांगितलेला आतून ढकलणारा जोरही कमी होतो.

‘शेतात गोठ्याला कसलीच परवानगी लागत नाही.’ अर्धं खरं. स्वतःच्या शेतजमिनीवर शेतीच्या कामाची इमारत, त्यात गोठाही आला, बांधायला साधारणपणे बिगरशेती करावी लागत नाही, महसूल संहितेत तशी तरतूद आहे. पण गावठाणात, पालिकेच्या हद्दीत किंवा मोठ्या शहरालगत ते लागू होईलच असं नाही. तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला विचारा, त्याला पैसे पडत नाहीत. विजेच्या तारांखाली मात्र परवानगी असो-नसो, शेड घालू नका.

मेसेज वाचून ज्यांनी शेड आधीच उभं केलंय त्यांच्यासाठी. सगळं पाडायची गरज नाही. पत्र्यावरचे दगड आजच उतरवा. मग एका वेळी एकच खांब घ्या, वरून जॅक किंवा टेकू लावा, बुडाभोवती दोन बाय दोनचा खड्डा तीन फूट खोल काढा. पाईपचा खांब तेवढा खाली पोचत नसेल तर वेल्डरकडून जोड देऊन वाढवून घ्या. खालच्या भागाला सळईचे दोन आडवे तुकडे जोडा, म्हणजे काँक्रीट खांबाला धरेल, नाहीतर गुळगुळीत पाईप त्यातून सुळकन निसटतो. लाकडी बल्ली असेल तर तिचं बूड काँक्रीटमध्ये पुरू नका, ओल आत कोंडते. तिथे काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या उभ्या रोवून बल्ली जमिनीच्या वर त्यांना बोल्टने आवळा. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा. एक खांब पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, आणि टेकू असेपर्यंत जनावरं बाहेर बांधा. हे सगळं वळवाच्या आधी उरकायला हवं.