दऱ्या, दर्या आणि मी

'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' दिसायचं. सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र घुसला, एवढीच माझी तक्रार. 'ऱ्य' लिहिण्याच्या एका रीतीत र आणि य यांच्या मध्ये न दिसणारं एक चिन्ह बसलेलं असतं. एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर (रोज वापरतो, तेही फुकट, नाव घेऊन बोंब मारणं शोभत नाही) ते चिन्ह कचरा समजून गाळायचं. मग आचाऱ्यांसाठी केलेली भाजीची यादी आचार्यांच्या नावावर जायची.

मी इश्यू, म्हणजे रीतसर तक्रार, नोंदवला. सोबत पॅचही, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला, एका ओळीचा. पण तिथे इश्यू ट्रॅकरवर (तक्रारींची ऑनलाइन वही), पॅच मेलवर आणि चर्चा चॅटवर. वधू एका गावी, वर दुसऱ्या गावी आणि भटजी तिसऱ्याच मांडवात.

तीन महिने वाट पाहून मी लिहिलं, "पॅच आणि इश्यू जोडायची काहीतरी पद्धत हवी." हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला एकदा तरी गेलेल्या माणसाने ही चूक करायची नसते. 'टाकीला झाकण हवं' असं म्हणणारा तिथे पुढची तीन वर्षं सेक्रेटरी असतो. उलट टपाली उत्तर आलं : छान कल्पना, करा सुरुवात.

मग अभ्यास. लिनक्स कर्नलवाले (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा लिहिणारे) अजूनही पॅच मेलनेच घेतात. त्यांचं काम अडलं म्हणून लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं, कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं. त्यांच्याकडे पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी सही लागते, आणि जुनी चूक दुरुस्त करायची असेल तर 'फिक्सेस' लिहून, ती ज्या कमिटमध्ये (नोंदलेल्या बदलात) झाली त्याच्या हॅशची, म्हणजे ओळखखुणेची, पहिली १२ अक्षरं. म्हणजे कोणाच्या हातून काय फुटलं याची कायमची नोंद. ही पद्धत घरी आणली तर कपबश्या वाचतील, संसाराचं सांगता येत नाही.

मी नियम केले. पॅचला इश्यू नंबर सक्तीचा. इश्यूला सहा रकान्यांचा फॉर्म. मग लेबलं आली, आणि 'तपासणी हवी' हे लेबल पिवळं की नारिंगी यावर जगभरातून मतं आली. माझ्या बगवर तोवर एकही आलं नव्हतं. शेवटी नवा ट्रॅकर घ्यायचं ठरलं, आणि जुने इश्यू तिकडे नेणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहायची कोणी? टाकीचं झाकण आठवा.

गेल्या रविवारी मेल आला : तुमचा इश्यू बंद केला आहे. शीर्षक होतं, 'दर्या लिहिलं की दर्या दिसतं'. खाली कुण्या सज्जनाचा शेरा, "अपेक्षेप्रमाणेच चालतंय. कळवल्याबद्दल आभार."

स्क्रिप्ट उघडली. मजकूर स्वच्छ यावा म्हणून न दिसणारी सगळी चिन्हं झाडून टाकणारी एक ओळ मीच घातली होती. ती मात्र दहा मिनिटांत मंजूर झाली होती.